तरवडाच्या बांधावरची तार

तांडा, डोंगरकड्याजवळ
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी,
मिनाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

सुनेने एकाच गावातल्या सासऱ्याला पत्र लिहिले हे कळले तर तांडा हसेल. पण आपल्या रीतीप्रमाणे लग्न झाल्यापासून मी तुमच्यासमोर तोंड उघडलेले नाही. काही सांगायचे तर यांच्याकडून सांगत होते. आता ते नाहीत. सासूबाईंकडून निरोप धाडला तर त्यात त्यांच्या चार शिव्या मिसळतात आणि माझे म्हणणे राहून जाते. म्हणून हे पत्र डब्याच्या फडक्यात बांधून देत आहे.

यांचे दिवस झाल्यापासून तुम्ही शेतातल्या आखाड्यावरच राहता आहात. जान्हवी रोज विचारते की आजोबा रुसले का. ज्या रानडुकराने यांना फाडले ते अजून आपल्या उसातच आहे, असे लोक म्हणतात. तुम्ही तिथे एकटे. सासूबाई डबा घेऊन परत येईपर्यंत माझे कामात लक्ष लागत नाही.

कुंपण नवे करायचे असेल तर करू. वारसाच्या कागदांसाठी कळमनुरीला गेले होते, तेव्हा तारेच्या दुकानात विचारून आले. दुकानदार म्हणाला, चांगल्या जस्ताची काटेरी तार दहा-बारा वर्षे गंजत नाही, हलकी चार वर्षांत तांबडी पडते. सिमेंटचे खांब पंचवीस वर्षे उभे राहतात. लोखंडी अँगल पंधरा वर्षे टिकतो, पण पाणथळ जागेत जमिनीलगत आधी सडतो. तुम्ही सांगाल ते आणू. पण मुक्काम घरी असावा, एवढे मागणे आहे.

लोभ कमी होऊ देऊ नये.
आपली सून,
मिना

आखाडा
१७ सप्टेंबर २०२५

चि. मिनास,
प्रेमसिंगचे अनेक आशीर्वाद.

आधी हाताच्या सवयीनं नावामागं सौ. लिहिलं होतं. खोडायला बरं वाटलं नाही म्हणून कागदच बदलला. सातवीनंतर एवढं कधी लिहिलं न्हाई, चुका सांभाळून घे.

दुकानदाराला इकायचं असतं, तो पंचवीस वर्षं सांगणारच. माझं आयुष्य कुंपण घालण्यात गेलं. बोरीच्या काट्याचं कुंपण एक पावसाळा. बांबू दोन. बाभळीचा खांब जुना, लाल गाभ्याचा असला, साल काढून बूड जाळून रोवला तर सात-आठ वर्षं बघायचं काम न्हाई. तोच ओला, सालीसकट रोवला तर वरून साबूत दिसतो आणि आतून वाळवी पीठ करून ठेवते. आपल्या योगेशला घाई होती, त्यानं सालीसकट रोवले. त्यातलाच एक खांब कलला आणि तिथूनच ते जनावर आत शिरलं. तो खांब मी उपटून आखाड्यात आणून ठेवला आहे. रोज बघतो.

सिमेंटनं, अँगलनं काही होत न्हाई. डुक्कर जाळी खालून उचलतं. मला कुंपण टिकवायचं न्हाई, मला ते जनावर पाहिजे. घरी काहून येऊ? घरात त्याची खाट आहे.

तुझ्या सासूनं आज डबा ठेवताना मला सुनावलं की दोघं एका घरचे, आणि टपाल वाहायला म्हातारी, तिला पगार चालू करा. तिला म्हणावं पगार नको मागू, भाजीत मीठ टाक.

जान्हवीला जप. माया असू दे.
प्रेमसिंग

तांडा
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी,
मिनाचा नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. सासूबाईंना वाचून दाखवले तेव्हा खाटेच्या ओळीवर त्या उठून चुलीपाशी गेल्या. नंतर म्हणाल्या, मीठ बरोबरच होतं, म्हाताऱ्याची जीभ मेली आहे.

आता मनात आहे ते विचारते. परवा सासूबाई डबा देऊन आल्या. तुम्ही त्यांना लिंबाखालीच डबा ठेवायला सांगितले आणि बांधाकडे येऊ दिले नाही. त्यांनी वाकून बघितले तर बांधाला शेजारच्या वसरामचे तांबडे कुत्रे मरून पडले होते, अंगावर जखम नव्हती. खांबांना नवी उघडी तार होती. ती विहिरीवरच्या विजेच्या खांबाकडे गेलेली दिसली.

मामा, तुम्ही तारेत करंट सोडला आहे का? थेट लाईनवर आकडा टाकला आहे का? नसेल तर माझ्या शंकेला हसा. असेल तर मला रात्रीचा घास जाणार नाही. झटका मशीन मिळते, त्याने जनावर बिचकते, पण मरत नाही. आकड्याची तार माणूस आणि डुक्कर ओळखत नाही. सकाळी उठल्याबरोबर माझे कान शेताकडे लागतात. सासूबाईंची पावले वाजली की मी श्वास घेते.

तांड्याच्या नायकाला सांगावे असे एकदा मनात आले. पण पंच बसतील, पोलीस येतील, तुम्हाला नेतील. या घरातून आणखी एक माणूस गेलेले मला बघवणार नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

उत्तराची वाट बघते. कृपा असावी.
मिना

आखाडा
८ ऑक्टोबर २०२५

चि. मिनास आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून सांगतो. व्हय, सोडला आहे. अंधार पडला की आकडा टाकतो, ऊन आलं की काढतो. दिवसा तार मेलेली असते. वसरामचं कुत्रं वाईट झालं. त्याला खड्ड्यात पुरलं, वसरामला बोललो न्हाई.

झटका मशीननं डुक्कर किंचाळतं आणि चार दिवसांनी परत येतं. मला परत येणारं नको. वीतभर खोल माती उकरलेली दिसते रोज, योगेश पडला होता त्याच्या आजूबाजूला. हसून राहिलं आहे ते माझ्यावर.

तू भिऊ नको. माणसांची वाट पलीकडून आहे. रात्री इकडं कोण येतं? तार किती दिवस टिकंल असं तू विचारशील. ती टिकायसाठी लावलीच न्हाई. एका रात्रीचं काम आहे.

माझ्यावर राग धरू नको.
प्रेमसिंग

तांडा
२१ ऑक्टोबर २०२५, काळीमास (दिवाळीची अवस)

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी,
मिनाचा नमस्कार.

घाईत लिहिते, डबा निघायचा आहे. आज चुलीत पूर्वजांचा घास टाकला. यंदा त्यात यांचे नाव पहिल्यांदा घ्यावे लागले. तुम्ही यायला हवे होते. सासूबाईंनी घेतले.

मामा, एक गोष्ट तुम्ही विसरला आहात. आज रात्री तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन घरोघर मेरा, म्हणजे दिवाळीची ओवाळणी, मागतील, आणि उद्या पहाटे गोधनाच्या पूजेची फुले तोडायला रानात निघतील. आपल्या घरी सण नाही हे खरे, पण तांड्याला आहे. आणि तरवडाची फुले सगळ्यांत जास्त आपल्याच बांधावर आहेत, तुमच्या तारेला लागून. पोरी ऊन येण्याची वाट बघत नाहीत. आधी पोचेल तिची टोपली आधी भरते. नवे कपडे, पायात काही नाही, गवतावर दव, आणि एकमेकींना ढकलत, गात जातात. त्यांना तार दिसणार नाही.

सासूबाईंनी काल तुम्हाला हे सांगितले. तुम्ही म्हणालात, आपल्याकडे यंदा दुखवटा आहे, इकडे कोण कशाला येते. मामा, येतील. मी जान्हवीला घरी थांबवीन, कोंडूनसुद्धा ठेवीन. पण बाकीच्या पोरींच्या आयांना कोणत्या तोंडाने सांगू की जाऊ देऊ नका? कारण सांगितले तर तुम्ही जाता, नाही सांगितले तर त्या जातात.

आज रात्री आकडा टाकू नका. पदर पसरून मागते. हो किंवा नाही एवढेच रिकाम्या डब्यात लिहून पाठवा.

मिना

आखाडा
२२ ऑक्टोबर २०२५

चि. मिनास,
म्हाताऱ्या सासऱ्याचे आशीर्वाद पोचावेत.

तुझं कालचं पत्र आत्ता, दुपारी फोडलं. डब्यातून काढून खिशात ठेवलं होतं. काय लिहिलं असंल ते माहीत होतं म्हणून वाचलं न्हाई, आणि डबा रिकामा परत धाडला. 

सकाळी झुंजूमुंजू होत होतं. मी खाटेवर होतो. बांधाकडून आरोळी आली, मामा, तार काढा. कोण बाई आहे मला कळलंच न्हाई. तुझा आवाज मी कधी ऐकला न्हाई. तीनदा आली. मला वाटलं कुणाला तरी चिकटली तार, आणि मी अनवाणी विहिरीकडं धावलो. आकडा ओढला तेव्हा बघितलं, तरवडाच्या पुढं तू हात पसरून उभी होतीस, डोक्यावर पदर न्हाई, तार तुझ्या पोटापासून वीतभर. आणि तुझ्यामागं पोरी टोपल्या घेऊन येऊन राहिल्या होत्या, गाणं म्हणत. सगळ्यांत पुढं नरसिंगची शिला.

तू त्यांना हसून सांगितलंस की फुलं तोडा, आजोबांनी वाट मोकळी केली आहे. मग माझ्याकडं पाठ करून पदर घेतलास आणि निघून गेलीस. पोरींनी तारेवर पाय देऊन फुलं तोडली. मी लिंबाखाली बसलो. 

तार गुंडाळून विहिरीत टाकली आहे. सालीचा खांब चुलीत घातला. डुक्कर उसात असंल तर असू दे.

नाल्यात दगड पुष्कळ आहेत. चिखल न लावता दगडाची पौळ रचतो, कमरेएवढी, रुंद बुडाची. डुकराला ती उचलता येत न्हाई. माझ्या आज्यानं वरच्या रानात रचलेली अजून उभी आहे, वरचे दोन दगड ढळले तर परत ठेवायचे एवढंच. जान्हवीच्या लेकरांना पुरंल. तरवडापाशी पोरींपुरती वाट सोडणार आहे.

संध्याकाळी घरी येतो. खाट आहे तिथंच राहू दे.

उद्यापासून सासूला टपाल वाहायला लावू नको. दगड रचताना डबा तू घेऊन ये आणि बांधावरून हाक मार. रीत मी नायकाशी बघून घेईन. तुझी हाक मला ओळखू यायला पाहिजे.

प्रेमसिंग