मंगळाच्या वाटेवर कोणी उतरायचं?

१२ ऑगस्ट १९५६, लश्कर, ग्वाल्हेर

वाचनालयात विलायती साप्ताहिक वाचलं. तिकडे टेलिव्हिजन नावाच्या पेटीत घरबसल्या नाटक दिसतं. नाटक मंगळावर जाणाऱ्या विमानाचं, पण माणसं साधीसुधी आणि टेन्शन भरपूर. संकल्प: यंदाच्या गणेशोत्सवात भारतातलं पहिलं टेलिव्हिजन-नाटक करायचं. लेखक मी. पेटी सुताराकडून.

बडे साहेब प्रमुख पाहुणे. १ नोव्हेंबरला मध्यभारत राज्य संपणार, ऑफिस भोपाळला जाणार. कोणी जायचं ही यादी साहेबच करणार. असा लेखक ग्वाल्हेरातून कोण हलवील? शामला म्हणाली, अहो, त्यापेक्षा साहेबांना सरळ जाऊन विचारा ना. बायकांना डावपेच कळत नाहीत.

१९ ऑगस्ट

नाटक पूर्ण. विमानात चौघं: मास्तर, वाणी, कारकून, बाई. अर्ध्या वाटेत हवा संपत येते. एक जण उतरला तरच बाकीचे वाचतील. कोण उतरणार? लिहिताना मलाच घाम फुटला.

कारकून मी. बाईचं काम शामलाला. वाक्य एकच: अगबाई! तिला झेपेल एवढंच.

२६ ऑगस्ट

पहिली तालीम. हेडक्लार्क माधवरावांना मास्तर दिला. म्हणाले, आमचे आजोबा दरबारात उजवीकडे बसत, आणि मी मास्तर? राजगुरू कर. केला. रेकॉर्ड खात्यातले संभाजीराव म्हणाले, ये बनिया-विनिया अपने बस का नहीं भाई, आमच्या घराण्यात सगळे तलवारीचे, मला सरदार कर. केला. माणसं मनाने साधी असली म्हणजे झालं.

२ सप्टेंबर

दोघांनी घरच्या शिंदेशाही पगड्या आणल्या. पेटीच्या तोंडात एकच पगडी मावते. पुढे कोणी बसायचं यातच तालीम संपली. उत्तम. टेन्शन आपोआप तयार होतंय.

९ सप्टेंबर

गणपती बसले. संवाद अजून कोणाचेच पाठ नाहीत. शामलाने पुन्हा यादीचं काढलं. तिची आई इथेच जवळ, गोरखी मोहल्ल्यात एकटी राहते, त्यामुळे हिला भोपाळ नको. वर लोणच्याची बरणी कशी न्यायची हाही प्रश्न. म्हटलं, साहेबांना नाटक बघू दे.

१६ सप्टेंबर, सकाळ

काल प्रयोग झाला. विमान सुटलं, हवा संपत आली, चिठ्ठ्या टाकल्या. राजगुरू म्हणाले, पहिली चिठ्ठी मी उचलणार. सरदार म्हणाले, मान आमचा. वीस मिनिटं हेच. मी पगड्यांच्या मागे, कोणाला दिसेना. लोक उठायला लागले.

तेवढ्यात शामला पुढे सरकली. म्हणाली, तुमचे मान चालू द्या, मीच उतरते. फक्त माझ्या आईला रोज कोणीतरी विचारून या. आणि लोणच्याची बरणी मागून पाठवा, सांभाळून.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग जी टाळी पडली! मलाही भरून आलं. लिखाणाला दाद मिळाली की येतंच.

साहेबांनी विचारलं, ये आख़िरवाला किसने लिखा? म्हटलं, जी, मैंने. नाटक माझं म्हटल्यावर वाक्य कोणाचं असणार? त्यांनी लगेच नाव टिपून घेतलं: रमाकांत. घरी येऊन शामलाला सांगितलं, काम झालं.

१० ऑक्टोबर

यादी लागली. पहिलं नाव माझं. माधवराव, संभाजीराव इथेच.

साहेबांना भेटलो. म्हणाले, भोपाल में सब नया है, कुर्सियाँ तक नहीं आईं. जिसने 'मैं उतरती हूँ' लिखा, वही आदमी चाहिए. ते वाक्य माझं नाही हे सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. इज्जतीचा प्रश्न होता.

शामला गोरखीला गेली आणि डोळे सुजवून आली. वाईट वाटलं. पण पहिला नंबर तो पहिला नंबर.

२९ ऑक्टोबर, ग्वाल्हेर स्टेशन

टेलिव्हिजनची पेटी सोबत घेतली. शामलाने तिच्यात भुसा भरून बरणी बसवली. पार्सलबाबूने विचारलं, इसमें क्या है? मी म्हटलं, टेलिव्हिजन. शामला म्हणाली, आम का अचार है भैया, सीधा रखना. बाबूने अचार लिहिलं.

माधवराव निरोप द्यायला आले. सासूबाईंना रोज विचारून येईन म्हणाले. मी सहज विचारलं, तुम्ही यादीतून कसे सुटलात? म्हणाले, काही नाही, साहेबांना सरळ जाऊन विचारलं. ठीक है म्हणाले.

शामलाने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, अगबाई!

हे वाक्य मात्र माझं होतं.