आगगाडीच्या प्रदर्शनात आई

बेंगळूर, रविवार, १९५९

राग इतका आहे की अक्षर नीट येत नाही. खेळण्यातल्या आगगाड्यांच्या प्रदर्शनाला आईला नको, असं मी ह्यांना बजावलं होतं. "अण्णाला जाऊन आता इतकी वर्षं झाली," म्हणाले. झाली म्हणून काय?

दालनभर डोंगर, बोगदे, बोटाएवढी माणसं. आई आधी खुशीत बघत होती. मग गाडी चालवणारा ओरडला, "आता बघा अपघात!" आणि त्यानं गाडी पुलावरून खाली पाडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनीसुद्धा. अण्णा, माझा थोरला भाऊ, इंजिनावर फायरमन होता, असाच पुलावरून गेला, आणि ह्यांनी टाळ्या वाजवल्या!

आई कठड्यावरून वाकली आणि एकेक डबा उचलून रुळावर ठेवू लागली.

"अज्जी, कै तेगी!" हात काढ म्हणून तो गाडीवाला खेकसला.

"स्वल्प थांब रे बाबा, इंजिन राहिलंय," आई म्हणाली.

ह्यांनी पुढे होऊन माफी मागितली. त्याची! आईची नाही.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं, "आज तुम्हांला मी वाढणार नाही." आईनं गुपचूप ताट घेतलं आणि जावयाला वाढलं, वर तूपही. हे दोनदा भात मागून जेवले. टाळ्या वाजवून भूक लागली असेल.

नंतर आईला विचारलं, का वाढलंस?

"अगं, घरी परत आलेल्या माणसाला उपाशी ठेवू नये."

मला पटलेलं नाही. उद्याही मी वाढणार नाही.