माझ्या बाजूचा ब्रेक

३ फेब्रुवारी, सोमवार

नवीन शिकाऊ. वय त्रेसष्ट. मालकांनी वहीत लिहून ठेवलं होतं — 'बाईच हवी म्हणाल्या, तूच घे.' या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणारी बाई मी एकटीच. त्यामुळे घाबरट, म्हाताऱ्या आणि नवऱ्यानं आधी शिकवायचा प्रयत्न करून बिघडवलेल्या, सगळ्या माझ्या गळ्यात. गाडीचं दार उघडलं तर आत मावशी!

सख्खी मावशी. आई गेल्यावर सात वर्षांची असल्यापासून सतराव्यापर्यंत जिच्या घरी वाढले ती. एकवीस वर्षांनी समोर. केस पांढरे झालेत. पर्स मात्र अजून तशीच पोटाशी आवळून धरते, कुणी हिसकावून नेईल अशी.

"नमस्कार मॅडम," म्हणाली.

मॅडम! ठीक आहे. मीही काही कमी नाही. म्हटलं, "सीट पुढे घ्या. पाय पोचतायत का तुमचे?" मावशीला कुणी अहो-जाहो करतं का? मी केलं. लागलं तिला. लागू दे.

गाडी कशाला शिकायची, असं सगळ्यांना विचारते तसं तिलाही विचारलं. "यांचे गुडघे गेलेत. दवाखान्यात न्यायला कुणी नाही. मुलगा परदेशात." यांचे म्हणजे त्याचे. म्हणजे त्याला वेळेवर डॉक्टर मिळावा म्हणून मी क्लच-गिअर शिकवायचं! वा.

नर्स — नऊ वर्षं आम्ही दोघी दोन खोल्यांत एकत्र राहतो — ती म्हणाली, मालकांना सांग, जमणार नाही म्हणून. मी का सांगू? गाडी माझी, ब्रेक माझा. पळायचं असेल तर तिनं पळावं. मी एकदा पळाले, तेवढं पुरे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तासभर नुसतं स्टिअरिंग धरून बसली. बुडत्यानं काडी धरावी तसं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एकदाच लिहून ठेवते. पुन्हा नाही लिहिणार.

तो मला शाळेत सोडायला न्यायचा. वाटेत एक बंद पडलेला कारखाना होता, त्याच्या मागे गाडी थांबायची. नऊ वर्षांची होते तेव्हापासून अकराची होईपर्यंत. त्यातच नंतर घरातही. बाकीचं मला माहीत आहे, कागदाला सांगायची गरज नाही.

अकराव्या वर्षी मावशीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल खाली ठेवला आणि थोबाडीत दिली. "खोटारडी!" म्हणाली. पुढे तेच माझं नाव पडलं. मावसभाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान, तो तर चाल लावून म्हणायचा. पाहुणे आले की कुणीतरी हसून सांगायचं, हिचं फार मनावर घेऊ नका.

पण तिसऱ्या दिवशी सुतार आला. माझ्या खोलीला आतून कडी बसवून गेला. आणि गाडीनं शाळेत जाणं बंद झालं, मी चालत जायला लागले. कुणी काही बोललं नाही. ती थोबाडीत आणि ती कडी, दोन्ही एकाच बाईच्या हातून आलं, याचा मेळ मला सत्तावीस वर्षांत लागला नाही.

त्याला काका म्हणणं मी त्याच दिवशी सोडलं. 'तो' म्हणते. तेवढं बास आहे त्याला.

लोक विचारतात, बाईमाणूस असून हे काम कसं काय निवडलंत? सांगत नाही कुणाला. मी अजून त्याच सीटवर बसते — चालवणाऱ्याच्या शेजारी. रोज आठ तास. फरक इतकाच की आता माझ्या पायाशी माझा वेगळा ब्रेक आहे. समोरचा कितीही मोठा असो, मी पाय दाबला की गाडी थांबते. पहिल्या दिवशी दाबला तेव्हा इतकी हसले होते की मालकांना वाटलं हिला वेड लागलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

मावशीची गाडी चालत नाही, बेडकासारखी उड्या मारते. रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येकाला काच खाली करून म्हणते, "जा हं दादा, आधी तुम्ही जा." आज एका कुत्र्यालाही म्हणाली. कुत्रं गेलं नाही, बसूनच राहिलं. ही त्याची समजूत काढत बसली.

मला हसू आलं. फिसकन आलं. तीही हसली. मग मला माझाच इतका राग आला की उरलेला अर्धा तास चढावर हाफ क्लच करून घेतला. घाम निघाला तिचा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

त्याला बघितलं.

शिकवणी संपवून औषधाच्या दुकानापाशी उभी होते. गाडी येऊन थांबली. चालवत होता तोच. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा खिडकीबाहेर. उतरला, तीन पायऱ्या चढून दुकानात गेला, पायऱ्या उतरून परत आला. गुडघे ठणठणीत! मला ओळखलं नाही. मी खांबाआड गेले नाही, तिथेच उभी राहिले. 

मग मावशी खोटं का बोलली?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

विचारलं. चौकात वळता वळता. "गुडघे गेलेत ना त्यांचे? काल पायऱ्या चढताना बघितलं मी."

गाडी बंद पडली. बरोबर चौकाच्या मधोमध. मागून हॉर्न सुरू झाले. एरवी दोन सेकंदांत मी किल्ली फिरवते. आज हात मांडीवर ठेवून बसले.

"मॅडम, मागे गाड्या —"

"असू देत. आधी बोल." तू म्हणाले. निसटलं तोंडातून.

ती स्टिअरिंगकडे बघत म्हणाली, "नात येणार आहे. एप्रिलात. सूनबाईला तिकडेच दुसऱ्या शहरात काम लागलंय, पोर सहा-सात महिने आमच्याकडे राहील. नऊ वर्षांची आहे."

एका स्कूटरवाल्यानं काचेवर टकटक केलं. "ताई, झोपलात का?" मी म्हटलं, हो. तो गेला.

"शाळा लांब आहे," मावशी म्हणाली. "हे म्हणाले, मी सोडीन-आणीन, मला कुठे काय काम असतं."  मग अगदी हळू, "मला येत असेल तर मी नेईन. यांच्याबरोबर एकटी नको जायला."

म्हणजे माहीत होतं! तेव्हाही, आत्ताही. सत्तावीस वर्षं मला वाटत होतं हिला माझं खरं वाटलं नाही. खरं वाटलं होतं!

"मग मला खोटारडी का म्हणालीस?"

"घर मोडलं असतं गं. पदरात लहान मूल. कुठे गेले असते मी?"

"मी गेलेच ना! सतराव्या वर्षी. एक पिशवी घेऊन. मला कुठे पदर होता कुणाचा?"

ती रडायला लागली. मी नाही समजूत काढली. म्हटलं, "तेव्हा कडी आणि आता गाडी. हातानं सगळं करशील, तोंडानं एक शब्द बोलायची नाहीस. तू आंघोळीला जाशील तेव्हा ती पोर कुठे बसेल? तुला ताप आला तर तिला शाळेत कोण नेईल?"

तिनं पदरानं डोळे पुसले.

"दहा दिवस देते. मुलाला सांग. नाही सांगितलंस तर मी सांगीन."

मग किल्ली फिरवली. चौकातून गाडी बाहेर मात्र तिनंच काढली, एकही उडी न मारता. हे लिहायला पाहिजे, कारण खरं आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आली नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आली नाही. मालक म्हणाले, "तू ओरडलीस का त्यांच्यावर?" म्हटलं, हो. "कमी ओरडत जा, वयानं मोठ्या आहेत." मोठ्या! मोठं असणं म्हणजे काय, ते या जगानं मला फार लवकर शिकवलं. वयाचा मान ठेवायचं आता माझ्याच्यानं होत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दहा दिवस व्हायला अजून चार आहेत. मला थांबवेना. मावसभावाला फोन केला. नंबर मिळवायलाच दोन दिवस गेले. म्हटलं, मुलीला तिथे ठेवू नकोस, कारण तुला माहीत आहे.

"तुझं अजून तेच चाललंय का?" म्हणाला आणि फोन ठेवला. आवाज मोठा झालाय, चाल तीच आहे.

वाईट वाटलं? वाटलं. पण अकराव्या वर्षी वाटलं होतं तेवढं नाही. नर्स म्हणाली, सोड आता, तू केलंस तुझ्याकडून. सोड कशी? ती पोर नऊ वर्षांची आहे!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मावसभावाच्या बायकोला चार ओळी पाठवल्या. माझी तिची ओळख नाही. 'मी तुमच्या नवऱ्याची मावसबहीण. घरात मला खोटारडी म्हणतात, तुम्हीही ऐकलं असेल. नऊ वर्षांची असताना माझ्यावर तुमच्या सासऱ्यानं अत्याचार केला. मुलीला तिथे पाठवू नका.' अत्याचार हा शब्द स्वतःबद्दल पहिल्यांदा लिहिला.  उत्तर नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मावशी आली. दहावा दिवस. गाडीत बसली, सीट स्वतः पुढे घेतली, आरसा नीट केला आणि पर्समधून फोन काढला. म्हटलं गाडी चालवताना फोन नाही. म्हणाली, "गाडी कुठे चालू केलीये मी?"

मुलाला लावला. आवाज मोठा करून फोन आमच्या दोघींच्या मधे ठेवला. तिनं काही प्रस्तावना केली नाही. "मुलीला इकडे पाठवू नकोस. तुझे बाबा लहान मुलीजवळ ठेवण्यासारखे नाहीत."

"आई, त्या खोटारडीचा फोन आला होता मला. तुझ्यापर्यंतही पोचली का ती?"

"ती खोटं बोलली नव्हती. खोटं मी बोलले होते."

 मग, "आई, तू बरी आहेस ना?"

"बरी आहे. तिकीट काढू नकोस."

त्यानं फोन कापला. मावशीनं तो पर्समध्ये ठेवला, पर्स मागच्या सीटवर टाकली — पोटाशी नाही — आणि विचारलं, "आज रिव्हर्स ना?"

मी हो म्हटलं.  तासभर मागे मागे गेलो आम्ही. दोनदा कचराकुंडीला लागली. मी ओरडले नाही.

सत्तावीस वर्षं या एका वाक्याची वाट बघत होते. वाटलं होतं ऐकलं की धाय मोकलून रडेन. भूक लागली फक्त. घरी येऊन चार माणसांचं जेवले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भावाच्या बायकोचा निरोप. 'मुलगी येणार नाही. मी काम नाकारलं. ते अजून बोलत नाहीत, पण त्यांनीही नको म्हटलं. तुम्ही लिहिलंत म्हणून.'

वीस वेळा वाचला.

३ मार्च, सोमवार

आज दिवस वाईट. कामावर गेले नाही. सगळ्यांना वाटेल मी खूश असेन. आहेच. पोर वाचली. पण सकाळपासून डोक्यात एकच — इतकं सोपं होतं? एका फोनचं काम? दोन मिनिटंही नाही लागली तिला. मग माझ्या वेळी ती दोन मिनिटं कुठे होती?

रडले. मोठ्यानं. शेजारच्यांना ऐकू गेलं असेल तर जाऊ दे. मी काही त्यांच्या भिंतींची काळजी करायला जन्मले नाही. नर्स शेजारी बसून राहिली, पाठीवर हात ठेवून.  ती तीस-तीस पेशंट सांभाळते, तिला कळतं कधी गप्प बसायचं.

उद्या जाणार कामावर. माझे तास माझे आहेत, त्यातला एकही त्याला देणार नाही.

६ मार्च, गुरुवार

मावशी पास! पहिल्याच फटक्यात. परीक्षा घेणारा साहेब म्हणाला, आजीबाई, मुलांपेक्षा बरी चालवता. ही त्याला म्हणते, आजी असेन, पण मॅडम म्हणता येत नाही का?

परत येताना विचारलं तिनं. "मला माफ करशील का गं?"

"नाही," म्हटलं. "रिव्हर्स अजून कच्चा आहे तुझा. गुरुवारी गुरुवारी येत जा."

मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. बरं झालं. माफीबिफी मला जमत नाही, आणि जमायलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. गाडी शिकवता येते, ती शिकवीन.

११ मार्च, मंगळवार

पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसून लिहितेय. शेजारी मावशी.

अकराला तिचा फोन आला. एकटीच गाडी घेऊन इथे आली होती. सगळं सांगून, सही करून झालं होतं. "तुझं नाव नाही घेतलं. पोलीस विचारतायत, मी म्हटलं ते ती ठरवेल. मी घरी परत जाणार नाहीये." आणि मग म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलं. तू मला येऊन सांगितलंस ना, त्याच्या आठ दिवस आधी तू डबा घरी विसरली होतीस. मी शाळेत द्यायला निघाले. आडवाटेनं, कारखान्यामागून. गाडी उभी होती. मी बघितलं. डबा घेऊन तशीच घरी परत आले. साक्षीदार म्हणून लिहून दिलंय मी."

बघितलं होतं तिनं. आणि परत गेली.

तिच्याकडे मला आत्ता बघवत नाही. माझं नाव पुकारलं. आत जाते, माझं मी सांगते.