रस्ता पुरा झाल्यामुळे अडलेलं घर

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, माझ्या कमरेचं तुला माहीत आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? घरमालकाचा जिना अजून तसाच आहे का, आणि घरमालकही? इकडे सगळं ठीक. हिचा खोकला गेला, माझा आला. परवा तू फोनवर प्लॉटचं विचारलंस तेव्हा मी "चाललंय" म्हणालो. कुठे चाललंय ते आता सविस्तर लिहितो. फोनवर सांगायला लागलो की तू चिडतेस, मग मीही चिडतो. पत्रात निदान तुला एकटीलाच चिडावं लागेल.

अण्णांच्या प्लॉटचे दोन भाग करायला नगरपालिकेनं मंजुरी दिली, इथवर तुला ठाऊक आहे. पुढचा भाग माझा, मागचा तुझा, आणि तुझ्याकडे जायला कडेनं रस्ता. (तू आणि ही एका स्वयंपाकघरात महिनाभरसुद्धा टिकला नाहीत, म्हणून वेगळं घर. मी कुणाची बाजू घेत नाही, तेव्हाही घेतली नव्हती, आणि त्याबद्दल दोघींचीही बोलणी खाल्ली.) रस्ता मुदतीत झाला नाही तर मंजुरी बाद, आणि मंजुरी बाद म्हणजे तू त्या भाड्याच्या खोलीतच. मोजणीवाले येतो येतो म्हणत आले नाहीत, आले तेव्हा टेप विसरून आले, म्हणून मी मुदतवाढीचा अर्ज केला. पूर्वी मुदतवाढ म्हणजे खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारायचा आणि आपण आभार मानायचे. आता त्याचं धोरण आलंय. म्हणजे अजून मसुदाच आहे. त्यावर हरकती घ्यायची मुदत दोनदा वाढवलीय. (त्यांना कुणी कारण विचारलं नाही.)

बाई स्वभावानं चांगल्या. म्हणाल्या, "काका, थोडं काम झालेलं दाखवा. काहीच काम नसेल तर वाढ मिळत नाही." आता थोडं काम करणं आपल्या घरात कुणाला जमलंय? अण्णा खिळा ठोकायला उठले की भिंतीला रंग देऊनच बसायचे. मी गवंड्याला बोलावलं (आपल्या घराचं जोतं बांधणाऱ्याचा मुलगा, बापासारखाच अबोल) आणि थोडा रस्ता करून घेतला. पण तो अर्धवट रस्ता मला रोज सकाळी खिडकीतून बघवेना. अर्ज काही हलत नव्हता, मुदतही संपून गेली होती. म्हटलं, कर बाबा पुरा. त्यानं केला, आणि असा केला की कुठे थेंबभर पाणी साचत नाही.

मग साहेब पाहणीला आले. रस्त्यावरून चालत गेले, चालत परत आले आणि म्हणाले, "काम तर पूर्ण आहे." मला बरं वाटलं. "मग मुदतवाढ कशाला हवी?" अर्ज निकाली. मी काम पूर्ण झाल्याचा दाखला मागायला शेजारच्या खिडकीत गेलो, तर तिथले गृहस्थ म्हणाले, रस्ता मुदतीनंतर झालाय, दाखला मिळणार नाही, आधी मुदतवाढ आणा. मी परत पहिल्या खिडकीत, तिथून परत दुसऱ्या. शेवटी मला बघून बघून साहेबच कंटाळले आणि त्यांनी मार्ग सांगितला: रस्त्याचा शेवटचा तुकडा उखडा, म्हणजे काम अपुरं होईल, मग वाढ देता येईल, मग परत करा. हे मी गवंड्याला सांगितलं. त्यानं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "दुसऱ्या कुणाकडून उखडून घ्या," आणि चहा अर्धा ठेवून गेला. मला त्याचा राग नाही आला. ताई, मी दमलोय. साहेब चुकीचं बोलत नाहीत, गृहस्थ चुकीचं बोलत नाहीत, बाई तर नाहीतच. सगळे बरोबर आहेत आणि तुला घर नाही. उखडायला माणूस बघतोय.

औषधं वेळेवर घे. लोभ आहे तसाच राहू दे, त्याला तरी मुदत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. माणूस बघतोय असं वर लिहिलं ते खरं नाही. परवा बाईंनी हळूच सांगितलं की प्लॉट एकच ठेवला तर ही विभाजनाची भानगडच नको. घरच्या माणसासाठी मागे दोन खोल्या बांधता येतात. फक्त त्यात वेगळं स्वयंपाकघर चालत नाही. हे तुला कळवायची माझी हिंमत नव्हती.

ता. क. पुन्हा. हिनं पत्र वाचलं. म्हणाली, एवढं पाल्हाळ कशाला लावलंत, कामाचं तेवढं विचारायचं. तर कामाचं विचारतो. आपला ओटा हिच्या उंचीचा आहे, तुला फार वाकावं लागायचं. ही म्हणते, मागच्या खोल्या बांधायला गवंडी येणारच आहे तर ओटा ताईंच्या मापानं उंच करून घेऊ, मी पायाखाली पाट घेईन. तेव्हा तुला किती उंच हवा ते मोजून कळव.