उपासाचं मीठ

जयनगर, बेंगळूरु
८ मार्च २०२५

चि. सौ. सुप्रीता हिस,

तुझ्या सासूचे अनेक आशीर्वाद. तू आणि गुरुदत्त खुशाल असाल. फोन करायचा धीर होईना, म्हणून कागद घेतला.

आधी बातमी. आज सकाळी माझं बीपी एकशे सव्वीस. मशीनवर विश्वास बसेना, म्हणून शेजारच्या भाग्यलक्ष्मीच्या दंडाला पट्टा बांधला. तिचं निघालं एकशे पन्नास. ती बिचारी तोंड पाडून गेली आणि मी घरभर नाचायची तेवढी बाकी राहिले. तीन-तीन गोळ्या गिळून एकशे सत्तरच्या खाली न उतरलेली बाई मी.

झालं काय, तुम्ही बेळ्ळंदूरला राहायला गेल्यावरही आकडा हलेना, तेव्हा डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून आणायला लावली. ती शोभा विचारू नकोस. पोटात मीठ किती गेलं ते त्यात कळतं म्हणे. रिपोर्ट बघून म्हणाले, "अम्मा, हे स्वल्प नाही, दुप्पट आहे. येतं कुठून?" मी ठणकावलं, मीठ कधीच सोडलंय, सैंधव तेवढं घेते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आणि एरवी ताकात. उपासाला चालतं ते मीठ कसं असेल? डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

तेव्हापासून सैंधव बंद, पापड-लोणचं बंद, रोज पार्कात चाळीस मिनिटं चालणं. पहिला आठवडा घास घशाखाली जाईना. आता साठीत कळतंय की दुधीलासुद्धा चव असते. गोळ्या चालूच आहेत, त्यांचं डॉक्टर बघतील.

एवढं भरभरून लिहिलं, पण लिहायचं ते राहिलंच. मी सगळ्यांना सांगते, ट्रॅफिक फार, ऑफिस लांब, म्हणून मुलं गेली. ते खरं नाही. डिसेंबरात तू शेजारी बसलेली असताना मी डॉक्टरांना म्हणाले, "स्वयंपाक सून करते, तिच्या हाताला मीठ जास्त." तू तर माझी भाजी मीठ घालण्याआधी वेगळी काढायचीस. मला ठाऊक होतं. दोष द्यायला कुणीतरी हवं होतं आणि तू हाताशी होतीस. तू "सरी", बरं, एवढंच म्हणालीस, आणि पंधरवड्यात तुम्ही घर बदललं.

डॉक्टरांना मी खरं सांगून आले. गुरुदत्तला सांगायला मात्र जीभ रेटत नाही. तूच राईचा पर्वत केलास असं तो अजून समजतो. हे पत्र त्याला वाचायला दे. आई खोटं बोलली, हे त्याला आईच्याच अक्षरात कळू दे.

तुझी अपराधी,
अनुसूया