चाळ बांधताना

मु. खर्डा, १९७३

मास्तर,

नगरला तुमचा सत्कार हाय. “मास्तरांनी लेकीसारखं सांभाळलं, एवढं बोला,” असं तुमचा मानूस सांगून गेला. तमाशाच्या फडात न्हेताना तुमी माझ्या आईला हेच बोलला हुता.

नव्या पोरीच्या पायात घुंगरांचे चाळ पहिल्यांदा गुरूनं बांधायचे, ही रीत. त्यासाठी तुमी राहुटीचा पडदा कशापायी पाडत हुता, ते आईनं कधी इचारलं न्हाई.

आता लई दमले. भांडायचं न्हाई. तुमाला आलेली पत्रं तुमच्या घरच्या काकू वाचून दाखवतात, म्हनून हे धाडतबी न्हाई.

तुमच्या फडातनं पळालेली मनकर्णा माझ्याकडं हाय. आज अंगनात, भर उजेडात, तिच्या पायात चाळ बांधाया बसले. पोरीनं डोळे गच्च मिटले.

मीबी असेच मिटायची.

लेक न्हवं,
राहीबाई