ओटीचे तांदूळ

॥ श्री ॥
जबलपूर, ६ ऑगस्ट २००४

ती. बेबीताईस,
शकुचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं कारण असं, की फोन बैठकीत आहे अन् या घरात भिंतींनाही कान आहेत. कॅन्सरपायी माझा डावा स्तन काढला त्याला दोन वर्षं होत आली. तपासण्या साफ आहेत. आता मला तिथं नवा बसवून घ्यायचा आहे. तू नागपुरात आपल्या सर्जनबाईंना भेट अन् महालक्ष्म्यांच्या आधीची तारीख घे. कोणता बसवतात ते मला कळत नाही, पण जो असेल तो मोठ्यातला मोठा पाहिजे.

काहून म्हणून विचारशील. मागच्या महालक्ष्म्यांना माझ्या धाकट्या जावेनं, इंदिरेनं, तिच्या भरल्या घरात सगळ्या सवाष्णींची ओटी भरली अन् माझ्यापुढून ताट तसंच पुढं नेलं. वरून म्हणाली की वहिनींचं अंग पूर्ण नाही, देवीच्या कामात खोट नको. आमचे हे बाजूच्या खोलीत पंगतीला होते. सगळं ऐकलं अन् पुरणपोळीवर आणखी तूप मागितलं! ताई, पत्र्याच्या कोठीत गहू भरून, वर मुखवटा ठेवून साडी नेसवली की ती पूर्ण लक्ष्मी. अन् मी जितीजागती बाई, मी अपुरी? वर्षभर माझ्या पोटात आग पेटून राहिली आहे. यंदा तिच्या नाकावर टिच्चून तिच्या पुढ्यात उभी राहीन तेव्हाच ती विझेल.

भावजींना नमस्कार. तुझा लोभ असू दे, रागाचं मी पाहून घेते.
तुझी,
शकु

नागपूर, १७ ऑगस्ट २००४

चि. शकु हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

बाईंना भेटून आले. महालक्ष्म्यांच्या आधी होणे नाही, दसऱ्यानंतरची तारीख मिळेल. लगेच आदळआपट करू नकोस, पुढचं वाच.

दोन प्रकार आहेत. एका पिशवीत मिठाचं पाणी भरलेलं असतं. ती फुटली तर चपटी होते, लगेच कळतं, अन् पाणी अंगात जिरून जातं. पण हाताला जरा वेगळी लागते, कधी सुरकुत्या पडतात. दुसरीत जेल असतं. ती मऊ, अगदी खऱ्यासारखी, पण झिरपली तर बाहेरून पत्ता लागत नाही, म्हणून मधूनमधून तपासणी करावी लागते. आकारही दोन, एक गोल अन् एक थेंबासारखा, खाली भरलेला. आपल्या वयाला थेंब शोभतो म्हणाल्या. मोठ्यातला मोठा म्हटल्यावर बाई हसल्या. एकीकडे लिंबू अन् एकीकडे खरबूज घेऊन फिरणार आहेस का, वेडे?

माप ठरवायला त्यांनी एक युक्ती सांगितली. मऊ कापडाच्या थैलीत तांदूळ भर अन् आतून लावून घरात वावर. स्वयंपाक कर, जिने चढ, आडवी हो. जे वजन अंगाला जड वाटत नाही ते तुझं. अन् एक ऐक, ही वस्तू तुझ्या छातीत राहणार आहे, इंदिरेच्या नाही.

जिवाला जप. जुन्या मायेनं आठवण ठेवत जा.
बेबी

जबलपूर, ४ सप्टेंबर २००४

ती. बेबीताईस शि. सा. न.

कमानिया गेटच्या बाजारातून मलमल आणली अन् दोन थैल्या शिवल्या. पनागरहून आलेला तांदूळ भरला. एक थैली उजव्या बाजूएवढी, दुसरी चांगली दांडगी. लहान लावली की मी विसरूनच जाते, परवा तर तशीच झोपले. मोठीनं खांदा भरून येतो, पोळ्या लाटताना हाताच्या आड येते. तरी इंदिरेकडे मी मोठीच लावून जाणार. तुला जे बोलायचं ते बोल. दसऱ्यानंतर शहाणी होईन, आत्ता मला शहाणपण नको आहे.

माझ्यावर रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
शकु

जबलपूर, २६ सप्टेंबर २००४

ती. बेबीताईस शि. सा. न.

झालं ताई. इंदिरेकडे गेले. हिरवी पैठणी, टपोरी थैली, मान ताठ. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अन् पुन्हा ताट माझ्यापुढून नेलं. बाजूच्या बाईला म्हणाली, की वरून सजवलं म्हणून काय झालं.

मग मी उठले. म्हटलं, माझी भरू नको, पण मी थोरली आहे, मला तुझी ओटी भरायची आहे. थोरल्या सवाष्णीला नाही म्हणू नये, हा तिचाच पाठ, सगळ्या सुनांना घोकवलेला. तिनं पदर पसरला. मी ब्लाउजात हात घातला, थैली काढली, दातानं दोरा तोडला अन् सगळे तांदूळ तिच्या पदरात ओतले. वर नारळ ठेवला, कुंकू लावलं. म्हटलं, हे घे माझं अंग, तुला कमी वाटत होतं ना!

माझी एक बाजू सपाट झाली होती, मी पदरही सारखा केला नाही. ताई, इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की काय सांगू. जाताना यांच्या पानाजवळ थांबले अन् म्हटलं, तूप पुरे झालं, चलो घरी. हे तसेच पानावरून उठले.

सर्जनबाईंना सांग, जेलचीच द्या, थेंबाच्या आकाराची, उजव्या बाजूएवढी. तपासण्या मी करत जाईन, त्यांना आता घाबरत नाही. पुष्कळ दिवसांनी पोटभर झोपले अन् सकाळी उठून ठरवलं. दांडगी माझ्यासाठी नव्हतीच.

एक सांगायचं राहिलं. ओटीचे तांदूळ टाकता येत नाहीत, दुसऱ्याला देताही येत नाहीत, जिची ओटी तिनंच शिजवून खायचे, हाही इंदिरेचाच नियम. काल तिचे यजमान, श्रीरंग भावजी, आमच्या ह्यांना सांगत होते, की ती रोज त्यातला भात लावते अन् एकटी खाते, तांदूळ अजून संपले नाहीत. बरं झालं मी मोठी थैली नेली.

दसऱ्यानंतर येतेच आहे, तोवर दुरूनच डोक्यावर हात ठेव.
तुझी,
शकु